चिडाचा पाचोळा आणि डोंगरांतील वीज

हिमालयाच्या कुमाऊं आणि गढवाल या भागांत, सुमारें ९०० पासून १,८०० मीटर उंचीपर्यंत, चीड नांवाच्या सूचिपर्णी वृक्षाचीं विस्तीर्ण रानें आहेत. बदरी-केदारच्या यात्रेला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंनीं तीं पाहिलेलीं असतात. सरळसोट खोड, जाड व भेगाळलेली साल आणि माथ्यावर विरळ हिरवा पिसारा असें या झाडाचें रूप आहे. त्याला पसरट पानें नसतात, सुया असतात; तीन-तीन सुयांचा एकेक झुबका, आणि प्रत्येक सुई वीतभर किंवा त्याहूनहि लांब. एप्रिलपासून जूनपर्यंत, म्हणजे ऐन उन्हाच्या दिवसांत, या सुया गळतात आणि जमिनीवर त्यांचा तपकिरी थर बसतो. पहाडी लोक त्याला पिरूल म्हणतात.

पिरूल कुजतो तो फार सावकाश. त्याच्या थराखालीं गवत वर येत नाहीं. उतारावर त्याच्यावरून माणसाचा पाय घसरतो आणि गुरेंहि घसरतात. गोठ्यांत अंथरावयास बायका थोडासा नेतात, बाकीचा जेथल्या तेथें पडून राहतो. सुयांमध्यें राळेचा अंश असतो, आणि त्या एकमेकींवर सैल पडत असल्यामुळें त्यांच्यामधून हवा खेळती राहते. अशा थराला पेट घेण्यास विडीचें एखादें थोटूक किंवा बांधावर पेटविलेला काडीकचरा एवढें निमित्त पुरतें. जमिनीलगत धांवणारी ही आग मोठ्या चिडाला फारशी बाधत नाहीं. जाड सालीमुळें तो वांचतो. राळ काढण्यासाठीं ज्यांच्या खोडाला खांच पाडलेली असते तीं झाडें मात्र त्या जखमेपाशीं पेट घेतात. खरोखर मरतात तीं चिडाच्या आसऱ्यानें वाढूं पाहणारीं बांज आणि बुरांश यांचीं कोंवळीं रोपें. मग राखेनें उघड्या पडलेल्या जमिनींत चिडाचेंच बीं सहज रुजतें, आणि पुढच्या वर्षीं तें रान आणखी थोडें चिडाचें होतें.

या आगी पहाडांत कोणाला नव्या नाहींत. पण त्यांचें स्वरूप अलीकडे अधिक भयंकर होत चाललें आहे. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत त्या विझविण्यासाठीं वायुदलाचीं हेलिकॉप्टरें आणावीं लागलीं. २०२४ च्या जून महिन्यांत, १३ तारखेला, अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यांत आग विझवावयास गेलेलीं वनखात्याचीं चार माणसें जागच्या जागीं होरपळून मेलीं, आणि जखमी झालेल्यांपैकींहि कांहीं पुढें दगावले. हिरव्या फांद्यांनीं ज्वाळा झोडपून विझविणें ही या डोंगरांतली नेहमींची रीत. वारा फिरला तर त्या माणसाच्या हातांत पानांची ती डहाळीच तेवढी असते.

चिडाचें रान एवढें पसरलें तें केवळ निसर्गक्रमानें नव्हे. इंग्रजी अमदानींत रेल्वेच्या रुळांखालचे लांकडी स्लीपर, आणि राळ व टर्पेंटाइन, यांच्यासाठीं चीड हें सरकारच्या दृष्टीनें उत्पन्नाचें झाड ठरलें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें खरें झाड होतें तें बांज. ओकच्या जातीच्या या वृक्षाचा पाला गुरांना चारा होतो, पाचोळा शेताला खत होतो, आणि त्याच्या मुळाशीं पाणी मुरून खालचे झरे वाहते राहतात असा पहाडी लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. १९११ ते १९१७ या काळांत कुमाऊंतील पुष्कळ जमीन राखीव वनांत घेतली गेली आणि गांवकऱ्यांच्या चराईवर, लांकूडफांट्यावर आणि नव्या गवतासाठीं उन्हाळ्यांत रान जाळण्याच्या जुन्या वहिवाटीवर बंधनें आलीं. १९२१ च्या जानेवारींत बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेंत लोकांनीं वेठबिगारीच्या वह्या नदींत बुडविल्या, आणि त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत राखीव रानांना आगी लावल्या गेल्या. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनीं त्या काळचे कागद तपासून दाखविलें आहे कीं या आगी बहुतांशीं चिडाच्या रानांना लागल्या. रुंद पानांचीं रानें, तींहि सरकारचींच असतां, लोकांनीं शाबूत ठेविलीं. १९३१ सालीं वनपंचायतींचे नियम झाले ते या असंतोषाचेंच फळ होय. गांधीजींच्या शिष्या मीराबेन स्वातंत्र्यानंतर गढवालांत भिलंगणेच्या खोऱ्यांत राहिल्या होत्या; बांज मागें हटत आहे आणि चीड वर चढत आहे याकडे त्यांनींहि कळकळीनें लक्ष वेधलें.

तेव्हां पिरूल उचलण्याची कोणतीहि योजना आली कीं ती या जुन्या भांडणाच्या मधोमध येऊन उभी राहते. पाचोळा कोणाचा, त्याचे पैसे कोणी घ्यावयाचे, आणि तो उचलल्यानें रान कोणत्या झाडाचें होणार, हे प्रश्न यंत्राच्या आधींचे आहेत.

आतां यंत्राकडे वळावें. पाचोळा जाळून पाण्याची वाफ करावी आणि वाफेनें चक्र फिरवून वीज काढावी ही रीत मोठ्या कारखान्याला शोभते. लहान प्रमाणावर ती परवडत नाहीं. डोंगरांतल्या दहा-वीस खेड्यांच्या टापूला सोयीचें यंत्र निराळें आहे. त्याला वायुजनक म्हणतां येईल. इंग्रजी नांवावरून लोक त्याला गॅसिफायर म्हणतात. एका बंद, उभ्या लोखंडी भट्टींत इंधन वरून भरतात, पण तें पुरतें जळावयास जेवढी हवा लागते तिच्या पाव ते एक-तृतीयांश एवढीच हवा आंत जाऊं देतात. त्यामुळें इंधन अर्धवट जळतें. प्रथम त्यांतील ओल निघून जाते. मग तापानें त्याचे वाफारे सुटतात आणि मागें कोळसा राहतो. कांहीं भाग जळून १,००० अंशांच्या आसपास उष्णता निर्माण होते. आणि तो तप्त धूर खालच्या लाल कोळशाच्या थरांतून ओढला गेला म्हणजे त्यांतील कार्बन डायॉक्साइड व पाण्याची वाफ यांचें रूपांतर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन या जळणाऱ्या वायूंत होतें. बाहेर पडणाऱ्या मिश्रणांत जवळजवळ निम्मा भाग निरुपयोगी नत्रवायूचाच असतो, आणि त्याची उष्णता खाणींतून येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या सातव्या-आठव्या हिश्श्याहून फारशी अधिक नसते. तरीहि तो इंजिनांत जळतो, इंजिन जनित्र फिरवितें, आणि दिवा लागतो.

हें तत्त्व मुंबई इलाख्याला एके काळीं चांगलें ओळखीचें होतें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मिळेनासें झालें तेव्हां मागच्या बाजूस कोळशाची भट्टी बसविलेल्या मोटारी रस्त्यांवरून धांवत असत, आणि चढ आला कीं दम खात असत. त्यांचा वायु याच रीतीचा. फरक इतकाच कीं त्या भट्ट्यांत लांकडी कोळसा घालीत, आणि कोळशांतून डांबर बहुतेक निघून गेलेलें असतें. हिरव्या झाडाची वाळलेली सुई ही दुसरीच चीज आहे. तिच्यांत वाफारे फार, आणि त्या वाफाऱ्यांचें थंडाव्यानें डांबर होतें. हें चिकट डांबर नळ्यांत बसतें, झडपांवर बसतें, इंजिनाच्या पोटांत शिरतें, आणि एक दिवस यंत्र बंद पडतें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत १९८० नंतरच्या वर्षांत या एका प्रश्नावर दीर्घ संशोधन झालें. वरूनहि हवा घेणारी उघड्या तोंडाची भट्टी तेथें तयार झाली तिचा मुख्य हेतु डांबर भट्टींतच जाळून टाकावें हा होता. तरीहि वायु धुऊन, गाळून घ्यावाच लागतो, आणि धुतलेलें घाण पाणी नदीनाल्यांत न सोडतां साफ करावें लागतें.

सुईची आणखी एक खोड आहे. ती लांब आणि हलकी. भट्टींत ओतली तर एकमेकींत अडकून तिची कमान बनते, खालीं पोकळी पडते आणि जाळ तुटतो. म्हणून आधीं ती बारीक कापावी लागते. लांकडाच्या तुकड्यांसाठीं केलेलीं यंत्रें पिरूलाला जशींच्या तशीं चालत नाहींत तीं यासाठीं.

पिथोरागढ जिल्ह्यांत बेरीनागजवळ त्रिपुरादेवी येथें ‘अवनि’ नांवाची संस्था १९९७ पासून काम करीत आहे. रश्मी भारती आणि रजनीश जैन हे तिचे संस्थापक. सौर दिवे, नैसर्गिक रंग, लोकर व रेशीम यांचें विणकाम, अशा उद्योगांतून पहाडी माणसाला घरीं राहून चार पैसे मिळावे ही तिची खटपट. भोंवतालचीं रानें दर उन्हाळ्यांत पेटत असतांना या संस्थेनें पिरूलाकडे इंधन म्हणून पाहिलें. तेथें पहिलें यंत्र बसलें तें अवघें ९ किलोवॅटचें. संस्थेच्या आवारापुरती वीज देणारें. त्यावर हात बसल्यावर पुढें १२० किलोवॅटचें केंद्र उभें राहून त्याची वीज सरकारी तारांत जाऊं लागली. यंत्र चालविणारे तरुण आसपासच्या गांवांतलेच तयार करण्यांत आले. शहरांतून अभियंता बोलावून दर खेपेस यंत्र खोलावयाचें म्हटलें तर तो घाट चढून येईपर्यंत आठवडा जातो, हें पहाडांत काम करणाऱ्यास निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां थोडा हिशेब. एक युनिट विजेला सुमारें सव्वा ते दीड किलो कोरडा पिरूल लागतो. २५ किलोवॅटचें लहानसें केंद्र दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस चाललें तर ७५,००० युनिटें होतात, आणि त्यासाठीं १०० टन पिरूल तरी हवा. आंकडा मोठा वाटत नाहीं. पण १०० टन पिरूल म्हणजे १०० टन दगडी कोळसा नव्हे. सैल सुया एका घनमीटरांत ५० किलो भरल्या तरी पुष्कळ. म्हणजे २,००० घनमीटर जागा, २० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच अशी छपराची वखार. शिवाय हें सर्व इंधन तीन महिन्यांतच गोळा करावयाचें, कारण त्यापुढें पाऊस आहे. आणि तें ज्या वखारींत सांठवावयाचें ती आगीपासून राखावयाची, ज्या वस्तूला आग लागते म्हणूनच हा सगळा खटाटोप त्याच वस्तूनें भरलेली.

गोळा करणें हा या उद्योगाचा गाभा, आणि नेमकी येथेंच त्याची तुलना महाराष्ट्रांतल्या साखर कारखान्यांशीं करण्यासारखी आहे. ऊस गाळल्यावर उरणारीं चिपाडें जाळून आपले कारखाने स्वतःपुरती वीज करतात, आणि कित्येक कारखाने ती विकतातहि. तेथें चिपाड आपल्या पायांनीं कारखान्यांत येतें. उसाच्या गाडीबरोबर त्याची वाहतूक आधींच चुकती झालेली असते. फिनलंडमध्यें पीटरसारी येथें कागदाच्या लगद्याच्या गिरणीशेजारीं आल्होल्मेन्स क्राफ्ट नांवाचें २४० मेगावॅटचें केंद्र २००१-०२ च्या सुमारास उभें राहिलें. तेंहि गिरणीची साल आणि तोड झालेल्या रानांतले शेंडे-फांद्या यांवर बरेंचसें चालतें, आणि त्या फांद्यांच्या मोळ्या बांधणारीं यंत्रें सपाट रानांतून हिंडतात. अमेरिकेंत व्हर्माँट राज्यांतील बर्लिंग्टन शहराचें मॅक्नील केंद्र १९८४ पासून ५० मेगावॅट वीज लांकडाच्या चुऱ्यावर काढतें. चुरा रेल्वेच्या डब्यांतून येतो. कुमाऊंत रेल्वे काठगोदामपाशीं संपते. त्यापुढें रानांतला पाचोळा जमिनीवरून उचलतो तो हात, आणि रस्त्यापर्यंत आणतें तें डोकें, बहुधा बाईचें.

वनांतला टाकाऊ माल जाळून वीज करणें मोठ्या प्रमाणावर गेलें म्हणजे काय होतें याचें उदाहरण इंग्लंडांत यॉर्कशायरमध्यें आहे. ड्रॅक्स येथील प्रचंड कोळशाच्या केंद्राचे सहांपैकीं चार संच २०१३ ते २०१८ या अवधींत लांकडी गोळ्यांवर आणले गेले, आणि त्या गोळ्या अमेरिकेहून व कॅनडाहून जहाजांनीं येऊं लागल्या. करवतीचा भुसा आणि शेंडे-फांद्या यांबरोबर सबंध ओंडकेहि त्यांत जातात कीं काय, आणि ते कोणत्या रानांतले, यावरून तेथें मोठा वाद माजला. कचरा या शब्दाची व्याख्या भट्टीच्या भुकेबरोबर सैल होत जाते, असें म्हणण्यास तेथें जागा आहे. पिरूलाच्या बाबतींत ही भीति कमी. सुईसाठीं कोणी झाड तोडणार नाहीं. आणि सुई जळली तर जो कार्बन हवेंत जाईल तो, ती रानांत पेटली असती किंवा कुजली असती तरीहि, आज ना उद्यां गेलाच असता.

उत्तराखंड सरकारनें २०१८ सालीं पिरूल आणि तत्सम पदार्थांपासून वीज करण्याचें धोरण जाहीर केलें. २५० किलोवॅटपर्यंतचीं केंद्रें बचतगटांनीं, वनपंचायतींनीं, खाजगी उद्योजकांनीं काढावींत आणि राज्याच्या वीज कंपनीनें त्यांची वीज घ्यावी असा त्याचा आशय. २०३० पर्यंत १०० मेगावॅट हें उद्दिष्ट ठरलें. प्रत्यक्षांत बरींच वर्षें लोटल्यावरहि उभीं राहिलेलीं केंद्रें बोटांवर मोजण्याइतकीं निघालीं, आणि त्यांतलींहि कांहीं बंद पडलीं.

उद्दिष्टाचा हिशेब करून पाहिला तर त्यांत आश्चर्य वाटावयास नको. वर सांगितलेल्या मापानें १०० मेगावॅट म्हणजे २५ किलोवॅटचीं ४,००० केंद्रें. हेक्टरामागें दोन टन पिरूल हातीं लागला असें धरलें तर प्रत्येक केंद्राला ५० हेक्टर, आणि सगळ्यांना मिळून २ लक्ष हेक्टर रान झाडून काढावें लागेल. साऱ्या राज्यांत चिडाचें क्षेत्र साडेतीन ते चार लक्ष हेक्टर, आणि त्यांतला पुष्कळ भाग असा कीं तेथें शेळी सुद्धां जपून पाऊल टाकते. कागदावर हा आंकडा लिहिणाऱ्यानें नकाशा पाहिला असेल. उतार पाहिला नसावा.

आणि मजुरी? पिरूल गोळा करणाऱ्यास आरंभीं किलोमागें दोन-तीन रुपये मिळत. तीस किलोंचा भारा बांधून उतारावरून खालीं आणला तर दोन रुपये दरानें साठ रुपये झाले. त्याच सुमारास, २०१८-१९ मध्यें, उत्तराखंडांत रोजगार हमीच्या कामावरची मजुरी दिवसाला १७५ रुपये होती. (ही हमी आज सबंध देशाची असली तरी तिचें मूळ महाराष्ट्रांतल्या १९७२ च्या दुष्काळी कामांत आहे, हें मराठी श्रोत्यास ठाऊकच असेल.) म्हणजे हमीच्या एका दिवसाच्या मजुरीइतके पैसे पिरूलांतून काढावयाचे तर असे तीन भारे व्हावयास हवेत. त्यांत पुन्हां एप्रिल-मे हे महिने पहाडांत गव्हाच्या कापणीचे. त्यामागोमाग खरिपाची पेरणी. ज्या बाईनें पिरूल वेंचावा तिलाच तेव्हां गहू कापावयाचा असतो, गुरांचा चारा आणावयाचा असतो, आणि झरा आटला असेल तर पाणीहि लांबून वाहावयाचें असतें. पुरुष पुष्कळदां दिल्लीकडे किंवा लष्करांत. तिनें पिरूलाकडे पाठ फिरविली तर तो तिचा आळस नव्हे. तिला हिशेब येतो.

मे २०२४ मध्यें, रानें पेटलेलीं असतांना, राज्य सरकारनें ‘पिरूल लाओ, पैसे पाओ’ ही मोहीम जाहीर केली आणि किलोला ५० रुपये दर सांगितला. लोकांना तो अर्थातच गोड वाटला. पण या दरानें पिरूल विकत घेऊन वीज करणें कोणासहि शक्य नाहीं, कारण एका युनिटाचें इंधनच साठ-सत्तर रुपयांवर जातें, आणि तेवढ्या भावानें युनिट विकत घेणारें गिऱ्हाईक भूतलावर नाहीं. हा दर विजेसाठीं नव्हताच. तो आग टाळण्यासाठीं होता. येथें या सबंध प्रश्नांतला घोटाळा उघड होतो. रानांतून उचललेल्या एक किलो पिरूलाच्या किंमती दोन. एक त्यांतून निघणाऱ्या विजेची. ती थोडी आहे, आणि ती वीज घेणाऱ्यानें द्यावी. दुसरी, तो तेथें न उरल्यामुळें जी आग लागली नाहीं तिची. ती पुष्कळ मोठी असूं शकते, आणि ती रानाच्या धन्यानें, म्हणजे सरकारनें, द्यावयास हवी. २०१८ च्या धोरणानें दोन्ही किंमती विजेच्या एका दरांतून निघतील असें गृहीत धरलें. २०२४ च्या मोहिमेनें दुसरी किंमत मान्य केली, पण उन्हाळ्याच्या गडबडींत, आणि त्या मालाचें पुढें काय करावयाचें याची वखारीपासून तजवीज नसतांना. वनखातें जाळरेषा साफ करावयास आणि आगीच्या पहारेकऱ्यांवर जो खर्च करितें त्यांतून वेंचणाऱ्या बाईला भाऱ्यामागें ठराविक रक्कम मिळाली, आणि केंद्रचालकाला तोच भारा स्वस्तांत मिळाला, तर दोघांचेंहि भागेल. हें कांहीं फार गहन अर्थशास्त्र नाहीं. अडचण एवढीच कीं पैसे एका खात्याचे आणि वीज दुसऱ्या खात्याची.

पिरूल उचलण्यास आक्षेप घेणारेहि आहेत, आणि त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. उघड्या उतारावर पहिला पाऊस कोसळतो तेव्हां हाच थर मातीला धरून ठेवतो. आणि सावकाश कां होईना, कुजून जें थोडें खत होतें तें जमिनीचें एकमेव उत्पन्न असतें. तें सगळेंच उचलून नेलें तर जमीन कंगाल होईल. यावर उपाय दिसतो तो असा कीं सगळें रान झाडावयाचेंच नाहीं. रस्त्यांच्या दोन्ही बाजू, गांवाच्या कडा, जाळरेषांचे पट्टे, आणि बांजाचीं रोपें जेथें नव्यानें धरलीं आहेत त्यांच्या भोंवतालचा टापू, एवढ्याच ठिकाणचा पिरूल उचलावा. आग बहुधा माणसाच्या वावराच्या जागीं लागते. तेथें इंधन नसलें तर ती पुढें सरकणार कशी? असें केलें तर केंद्रें थोडीं होतील आणि लहान राहतील. तीं थोडींच असावींत.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. ज्या गांवाला पिरूलाचे पैसे मिळूं लागतील त्या गांवाला चीड हवाहवासा वाटेल, आणि बांज परत आणण्याची ओढ राहणार नाहीं, अशी शंका कित्येक जाणते पहाडी लोक घेतात. राळेच्या बाबतींत एकदां असेंच झालें. तेव्हां लोभ सरकारचा होता, आतां गांवाचा होईल. याला यंत्राजवळ उत्तर नाहीं. वनपंचायतींजवळ तें असूं शकतें, कारण कोणत्या उतारावर काय वाढूं द्यावें हें ठरविण्याचा थोडाबहुत अधिकार त्यांच्याकडे अजून आहे, आणि सुयांची आग टळली म्हणजे बांजाचीं रोपें मोठीं होण्याची शक्यताहि तेथेंच आहे. ज्या पंचायती जाग्या आहेत तेथें पिरूलाचा पैसा बांजाच्या रोपवाटिकेंत जाईल. ज्या निजलेल्या आहेत तेथें तो कोठें जाईल हें सांगावयास नको.

चालू केंद्रांपुढच्या अडचणी याहून साध्या आणि रोजच्या असतात. सरकारी तारांत वीज सोडणारें केंद्र त्या तारांतला प्रवाह गेला कीं थांबवावें लागतें, आणि डोंगरांत वारावादळानें तो वरचेवर जातो; म्हणजे भट्टी तापलेली, पिरूल तयार, आणि वीज घ्यावयास कोणी नाहीं. गाळणी वेळेवर बदलली नाहीं तर इंजिन कुरकुरतें. सुयांबरोबर माती-खडे आले तर त्यांचा कांच-दगड होऊन भट्टीची जाळी बुजते. पहिल्या वर्षीं उत्साह असतो. तिसऱ्या वर्षीं सुटा भाग मिळत नाहीं. कर्ज काढून केंद्र घालणाऱ्या लहान उद्योजकाला हें सगळें हप्त्याच्या तारखेसह सोसावें लागतें.

एक लाभ मात्र असा आहे कीं ज्याचा गाजावाजा कमी आणि उपयोग ताबडतोब आहे. भट्टींतून वीज निघाल्यावर खालीं बारीक कोळसा उरतो. तो थोड्या चिकट मातींत किंवा शेणांत कालवून त्याच्या वड्या पाडतात आणि शेगडींत जाळतात. पहाडांतल्या स्वयंपाकघरांत लांकडाच्या धुरानें डोळे चुरचुरतात, आणि तें लांकूड आणावयास बाईचा अर्धा दिवस जातो. या वड्यांना धूर फारच थोडा. कार्बन मोनॉक्साइडची भीति असल्यामुळें खिडकी मात्र उघडी ठेवावी लागते, आणि थंडीच्या दिवसांत हें पटवून देणें सोपें नसतें. विजेचा पैसा यावयास महिने लागतात. वडीचा पैसा त्याच दिवशीं हातांत पडतो. म्हणून कांहीं ठिकाणीं विजेचा नाद सोडून नुसत्या वड्या व विटा करण्याकडेच लोकांचा कल झाला आहे.

जूनच्या अखेरीस पहिल्या सरी येतात. राहिलेला पिरूल भिजतो, आणि भिजलेला पिरूल भट्टीला चालत नाहीं. वेंचणें तेथेंच थांबतें. वखारींत जेवढा आला असेल तेवढ्यावरच केंद्राला पुढच्या एप्रिलपर्यंत निभावून न्यावें लागतें.